वरच्या मजल्यावरील राउटरचे सेटिंग पान उघडत नाही. रीसेट करावा का?

कर्वेनगर_निवासी

नमस्कार. कर्वेनगरमध्ये आमचे दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघे राहतो आणि वरच्या दोन खोल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलींना भाड्याने देतो. इंटरनेट आमच्या भागातील एका फायबर सेवादात्याचे असून त्याची पांढरी पेटी खालच्या दिवाणखान्यात भिंतीवर बसवलेली आहे. तिचे वायफाय वरच्या खोल्यांपर्यंत पोहोचत नव्हते, म्हणून तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने वेगळा राउटर विकत आणला, जिन्याच्या कडेने केबल नेली आणि तो वर बसवून दिला. भाचा आता नोकरीसाठी बेंगळुरूला असतो.

या जूनमध्ये जुन्या मुली गेल्या व नव्या आल्या. वायफायचा पासवर्ड मात्र तीन वर्षांपूर्वीचाच आहे, आणि तो आजवर किती जणींना, त्यांच्या किती मैत्रिणींना व आजूबाजूच्या किती घरांना ठाऊक झाला असेल, हे मला सांगता येणार नाही. इंटरनेटची जोडणी माझ्या नावावर असल्यामुळे ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. म्हणून पासवर्ड बदलायचे ठरवले.

वरच्या राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर १९२.१६८.०.१ हा पत्ता आणि सेटिंगसाठीचे नाव व पासवर्ड छापलेले आहे. मी वरच्या वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवर तो पत्ता टाकला, तर बराच वेळ चक्र फिरत राहते आणि शेवटी पान उघडता येत नसल्याची सूचना येते. फोनवरही तेच घडते. कोणीतरी १९२.१६८.१.१ टाकून पाहण्यास सुचवले. त्यावर एक पान उघडते खरे, पण त्यावर वरच्या राउटरच्या कंपनीचे नाव नाही, आणि कागदावरचे नाव व पासवर्ड ते स्वीकारत नाही. तीन वेळा चुकल्यावर त्याने मला काही काळ थांबण्यास सांगितले. गेल्या गुरुवारी दुपारभर वीज नव्हती, तेव्हा दोन्ही उपकरणे बंद होऊन पुन्हा सुरू झाली, तरीही काही फरक पडलेला नाही. इंटरनेट वर आणि खाली दोन्हीकडे व्यवस्थित चालू आहे.

राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरली की सगळे मूळ पदावर येते, असे एका परिचितांनी सांगितले. तसे करावे का? केल्यास काही बिघडेल का?

पेठेतला_नेटवर्कवाला

ताई, टाचणी तूर्त बाजूला ठेवावी, आणि खालच्या पेटीला तर ती मुळीच लावू नये. सेवादात्याच्या पेटीमध्ये आपल्या खात्याचे पीपीपीओई नाव, म्हणजे सेवादात्याच्या जाळ्यात प्रवेश करण्याचे नाव, त्याचा पासवर्ड आणि बहुतेक ठिकाणी व्हीएलएएनचा, म्हणजे सेवादात्याच्या जाळ्यातील आभासी विभागाचा, क्रमांक साठवलेला असतो. रीसेट केल्यावर ही माहिती पुसली गेली, तर ती पुन्हा भरेपर्यंत इंटरनेट बंद राहते. ती माहिती ग्राहकाला लेखी दिलेली क्वचितच असते, त्यामुळे मग तंत्रज्ञ घरी येण्याची वाट पाहावी लागते. नारायण पेठेत छोट्या कार्यालयांची जोडणी करताना मला असे प्रसंग पुष्कळदा हाताळावे लागतात, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी रीसेट करण्याची गरजच नव्हती.

आता मूळ मुद्दा. राउटरचे सेटिंग पान इंटरनेटवर कोठे ठेवलेले नसते. ते त्या उपकरणाच्या आतच असते आणि आपल्या घरातल्या घरात उघडते, म्हणून इंटरनेट बंद असतानाही ते उघडायला हवे. मात्र त्यासाठी आपला लॅपटॉप आणि राउटर हे दोघेही एकाच पत्तामालिकेत असावे लागतात. १९२.१६८.०.१ आणि १९२.१६८.१.१ यांत एकाच अंकाचा फरक दिसत असला, तरी घरगुती राउटरच्या नेहमीच्या मांडणीत पहिले तीन आकडे हे गल्लीच्या नावासारखे आणि शेवटचा आकडा घरक्रमांकासारखा असतो. येथे तिसरा आकडा वेगळा आहे, म्हणजे गल्लीच वेगळी. लॅपटॉप १९२.१६८.१ च्या गल्लीत असेल, तर १९२.१६८.० च्या गल्लीतले घर त्याला सापडत नाही. तो ती विचारणा मुख्य राउटरकडे पाठवतो, आणि मुख्य राउटरलाही ते घर माहीत नसल्यामुळे विचारणा तेथेच विरते. आपल्याला दिसणारे फिरते चक्र बहुधा यामुळेच आहे.

तळाच्या कागदावर छापलेला पत्ता कारखान्यातून निघतानाचा असतो. आजचा पत्ता कोणता, हे उपकरणालाच विचारावे लागते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग असे इंग्रजीत टाइप करावे आणि डीफॉल्ट गेटवे या शब्दांपुढे काय येते ते पाहावे. गेटवे म्हणजे ज्या राउटरमधून आपण बाहेर इंटरनेटकडे जातो त्याचा पत्ता. अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावाच्या तपशिलात गेटवे दिसतो, आणि आयफोनमध्ये त्याच ठिकाणी राउटर या शब्दापुढे तो असतो. अंदाजाने पत्ते टाकत बसण्यापेक्षा हे शंभरपट बरे, कारण मूळ पत्ते कंपनीगणिक बदलतात. जिओफायबरच्या पेटीवर तो साधारणतः १९२.१६८.२९.१ असतो, शाओमीच्या राउटरवर १९२.१६८.३१.१, मायक्रोटिकवर १९२.१६८.८८.१ आणि हुआवेच्या अनेक फायबर पेट्यांवर १९२.१६८.१००.१. हे सगळे १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले पत्ते आहेत, म्हणूनच तेच आकडे लाखो घरांत एकाच वेळी सुखाने नांदतात.

आपण कृपया तीन गोष्टी पाहून कळवाव्यात. वरच्या वायफायवर असताना लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता आणि गेटवे काय दिसतो. खालच्या वायफायवर असताना तेच आकडे काय दिसतात. आणि जिन्यावरून आलेली केबल वरच्या राउटरच्या नेमक्या कोणत्या भोकात बसवलेली आहे. सहसा एक भोक वेगळ्या रंगाचे असते व त्याशेजारी वॅन किंवा इंटरनेट असे लिहिलेले असते, आणि बाकीची लॅन म्हणून, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्यासाठी असतात. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे. एक सूचना राहिली: मी येथे आकडे देवनागरीत लिहीत असलो, तरी ब्राउझरमध्ये ते इंग्रजी अंकांनीच टाकावेत.

औंधचा_अभियंता

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र तपासणी करताना फसगत होऊ नये म्हणून काही गोष्टींची भर घालतो.

फोनवर तपासताना मोबाइल डेटा बंद ठेवावा, कारण वायफायमध्ये काही कमतरता जाणवली की अनेक फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात आणि मग घरातला पत्ता सापडण्याचा प्रश्नच उरत नाही. लॅपटॉप कार्यालयाचा असेल, तर त्यावरील व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याशी होणारी खासगी जोडणी, बंद करावे. पुष्कळ कंपन्या व्हीपीएन चालू असताना घरातल्या इतर उपकरणांशी बोलण्यास मनाई करतात. वायफायचे नाव पाहुण्यांसाठीच्या, म्हणजे गेस्ट नेटवर्कचे तर नाही ना, हेही पाहावे. तेथे इंटरनेट व्यवस्थित चालते, पण सेटिंगचे पान मुद्दाम अडवलेले असते.

पत्त्याच्या आधी एचटीटीपी, अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा स्वतः टाकाव्यात. अलीकडचे ब्राउझर आपणहून सुरक्षित जोडणीचा, म्हणजे एचटीटीपीएसचा प्रयत्न करतात आणि जुन्या राउटरला ती भाषा येत नाही. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा आला, तर स्वतःच्या घरातल्या राउटरच्या बाबतीत घाबरू नये, कारण खासगी पत्त्याला सार्वजनिक प्रमाणपत्र मिळतच नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला फार काळजी वाटते. शून्याऐवजी ओ हे अक्षर पडले किंवा मध्ये मोकळी जागा राहिली, तर ब्राउझर तो पत्ता न समजता शोध घेतो आणि राउटर दुरुस्तीची मदत देऊ करणारी संकेतस्थळे व दूरध्वनी क्रमांक समोर येतात. अशा कोणत्याही क्रमांकावर फोन करू नये आणि कोणाला लॅपटॉपचा ताबा देणारे अ‍ॅप तर मुळीच घेऊ नये. आपला सेवादाता सोडून कोणालाही आपल्या राउटरशी काही कर्तव्य नाही.

कर्वेनगर_निवासी

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी मोबाइल डेटा बंद करून सर्व तपासले. आमच्याकडे गेस्ट नेटवर्क नाही.

वरच्या वायफायवर लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.३७ आणि गेटवे १९२.१६८.१.१ असा आला. खालच्या वायफायवर गेल्यावरही हेच दोन्ही आकडे दिसले. यजमानांच्या फोनवरही गेटवे तोच आहे. वरच्या राउटरला एक निळे भोक असून ते रिकामे आहे, आणि जिन्यावरची केबल त्याच्या शेजारच्या पिवळ्या भोकांपैकी पहिल्यात बसवलेली आहे. निळ्या भोकाशेजारी वॅन असेच लिहिले आहे. भाच्याकडून केबल चुकीच्या जागी बसवली गेली का? ती निळ्या भोकात हलवून पाहावी का?

सिंहगड_रस्ता_२१

वरचा राउटर तुमचा स्वतःचा आहे, त्यात सेवादात्याची कोणतीही माहिती नाही. मग तो रीसेट करण्यात अडचण काय? छिद्रातले बटण दहाएक सेकंद दाबून धरा, दिवे एकदम लुकलुकले की सोडा, आणि कागदावरच्या पासवर्डने पुन्हा सुरुवात करा. पंधरा मिनिटांचे काम आहे. मी माझ्या घरी असेच केले होते.

पेठेतला_नेटवर्कवाला

ताई, केबल हलवू नका. भाच्याने चूक केलेली नाही. त्याने विचारपूर्वक केलेले काम आहे.

वरचा राउटर पूर्ण राउटर म्हणून काम करत असता, तर त्याने वरच्या उपकरणांना स्वतःच्या गल्लीतले, म्हणजे १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते वाटले असते. आपल्या लॅपटॉपला मात्र वर आणि खाली दोन्हीकडे खालच्या पेटीनेच पत्ता दिला आहे. याचा अर्थ वरच्या राउटरमधील पत्ते वाटणारी यंत्रणा, जिला डीएचसीपी म्हणतात, ती भाच्याने बंद केली आणि केबल लॅनच्या भोकात जोडून त्या राउटरला नुसता वायफाय देणारा खांब बनवले. यामुळे वरचा प्रिंटर खालच्या संगणकावरून वापरता येतो व पत्त्यांचे भाषांतर दोन राउटरमध्ये दोनदा होण्याचा त्रास होत नाही. फक्त एक गोष्ट मागे राहिली: वरच्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१ हाच राहिला असणार. सगळे घर एका गल्लीत गेले आणि त्याच्या सेटिंगचा दरवाजा जुन्या गल्लीतच राहिला. १९२.१६८.१.१ वर आपल्याला जे पान दिसले, ते खालच्या पेटीचे होते, आणि त्यामुळेच वरच्या कागदावरचा पासवर्ड तेथे चालला नाही.

सिंहगड रस्त्यावरील मित्राचा सल्ला एरवी योग्य आहे आणि वरच्या राउटरपुरता तो धोकादायकही नाही, परंतु या मांडणीत त्याने एक नवा घोळ होईल, आणि तो ओळखायला फार अवघड असतो. रीसेट होताच वरच्या राउटरची डीएचसीपी पुन्हा चालू होईल. केबल लॅनच्या भोकात असल्यामुळे एकाच जाळ्यावर पत्ते वाटणारे दोघे जण होतील, आणि नव्याने जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता मिळेल. ज्यांना वरच्या राउटरचा पत्ता मिळेल, त्यांचा गेटवे १९२.१६८.०.१ होईल. त्या राउटरच्या वॅन भोकात काहीच जोडलेले नसल्यामुळे त्यांना वायफायच्या पूर्ण रेघा दिसतील आणि इंटरनेट मिळणार नाही. कोणाचा फोन चालतो, कोणाचा चालत नाही, रात्री चालणारा सकाळी बंद पडतो, असे दिवस सुरू होतात आणि दोष मात्र सेवादात्याला दिला जातो. म्हणून रीसेट करायचाच झाला, तर आधी जिन्यावरची केबल काढून ठेवावी आणि डीएचसीपी पुन्हा बंद केल्यानंतरच ती जोडावी.

पण त्याआधी लॅपटॉपला थोडा वेळ जुन्या गल्लीत पाठवून पाहू. वरच्या राउटरपासून जिन्यावरची केबल काढावी, त्या जागी एखादी छोटी लॅन केबल लावून तिचे दुसरे टोक लॅपटॉपला जोडावे आणि लॅपटॉपचे वायफाय बंद करावे. आता लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर माझा तर्क बरोबर आहे असे समजावे, कारण पत्ता देणारे कोणी न सापडल्यास विंडोज स्वतःच त्या मालिकेतला पत्ता घेते. नंतर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट या क्रमाने जाऊन आयपी असाइनमेंटसमोरील एडिट दाबावे, ऑटोमॅटिकऐवजी मॅन्युअल निवडावे, आयपीव्ही४ चालू करावे आणि पत्ता १९२.१६८.०.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असा भरावा. गेटवेची जागा रिकामी राहिली तरी चालेल. ती भरल्याशिवाय पान पुढे जात नसेल, तर १९२.१६८.०.१ लिहावे. यानंतर ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडावे.

हे केबलशिवाय वरच्या वायफायवरूनही साधते. मात्र वायफायचा पासवर्ड बदलताक्षणी आपण स्वतःच बाहेर फेकले जाऊ, म्हणून मी केबलच सुचवतो. काम झाल्यावर तेच सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिकवर आणण्यास विसरू नये. तेवढे राहिले, तर केबल लावताच इंटरनेट बंद दिसेल आणि नवीच शोधाशोध सुरू होईल.

कर्वेनगर_निवासी

पान उघडले. सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला ही अडचण आली तर उपयोग होईल.

पहिल्या प्रयत्नात माझ्या मुलाच्या कार्यालयाचा लॅपटॉप वापरला होता. त्यावर पत्ता बदलण्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड मागितला गेला आणि तो आमच्याकडे नाही. मग कपाटातला यजमानांचा जुना लॅपटॉप काढला. केबल लावल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे १६९.२५४ ने सुरू होणाराच पत्ता आला, तेव्हा फार धीर आला. त्यावर विंडोज १० असल्यामुळे पायऱ्या किंचित वेगळ्या होत्या, परंतु आकडे तेच भरले आणि १९२.१६८.०.१ टाकताच क्षणात वरच्या राउटरच्या कंपनीचे पान समोर आले.

कागदावरचा पासवर्ड मात्र तेथेही चालला नाही. भाच्याला फोन केल्यावर त्याने तो बदलल्याचे सांगितले आणि सुदैवाने त्याला तो आठवला. डीएचसीपी बंदच होती. वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही लहरींच्या जागी नवा पासवर्ड भरला, लॅपटॉप ऑटोमॅटिकवर आणला, जिन्यावरची केबल पुन्हा पहिल्या पिवळ्या भोकात लावली. वरच्या मुलींना नवा पासवर्ड दिला व त्यांचे फोन आणि लॅपटॉप चालू झाले.

आता दोन शंका उरल्या आहेत. वरच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा का, म्हणजे पुढच्या वेळी ही कसरत करावी लागणार नाही? आणि खालच्या पेटीचे काय? तिचे वायफाय वेगळ्या नावाचे आहे, पण मुली जेवायला खाली येत असल्यामुळे तिचाही पासवर्ड सर्वांना माहीत आहे, आणि त्या पेटीवरच्या कागदावरील सेटिंगचा पासवर्ड तिचे पान स्वीकारत नाही.

पेठेतला_नेटवर्कवाला

पत्ता बदलण्याचा विचार योग्य आहे, पण १९२.१६८.१.२ हा आकडा तपासल्याशिवाय घेऊ नये. पुष्कळ पेट्या वाटपाची सुरुवातच २ पासून करतात. उद्या तोच पत्ता एखाद्या फोनला दिला गेला, तर दोघांची टक्कर होईल. खालच्या पेटीच्या पानात डीएचसीपीची सुरुवात व शेवट दिसल्यानंतर त्या मर्यादेबाहेरचा आकडा निवडावा. तोपर्यंत आहे तसेच राहू द्यावे. १९२.१६८.०.१ हा पत्ता, लॅपटॉपला द्यायचा १९२.१६८.०.१० हा पत्ता, ‘केबल लॅनमध्येच, डीएचसीपी बंद’ ही नोंद आणि सेटिंगचा पासवर्ड असे सगळे एका वहीत लिहून ठेवावे. राउटरवर चिकटवू नये, कारण तो भाडेकरूंच्या खोलीजवळ आहे.

खालच्या पेटीसाठी सेवादात्याच्या ग्राहक सेवेला फोन करावा; क्रमांक बिलावरचा किंवा त्यांच्या अ‍ॅपमधलाच घ्यावा. बहुतेक सेवादाते या पेट्यांचे सेटिंग दुरून हाताळतात. त्यासाठी टीआर-०६९ नावाचे मानक २००४ पासून आहे. त्यामुळे सेटिंगचा पासवर्ड त्यांनी बदललेला असणे हे नेहमीचेच आहे, आणि वायफायचा पासवर्ड ते तिकडूनच बदलून देऊ शकतात. डीएचसीपीची मर्यादाही त्याच वेळी विचारून घ्यावी.

कर्वेनगर_निवासी

आज बिलावरच्या क्रमांकावर फोन केला. नोंदणीकृत मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक विचारून त्यांनी खालच्या वायफायचा पासवर्ड दहा मिनिटांत बदलून दिला. वाटप २ पासून २५४ पर्यंत आहे असे समजले, म्हणजे २ हा आकडा खरोखरच चालला नसता. वाटप २०० वर थांबवण्याची विनंती नोंदवून घेतली आहे. ते झाल्यावर वरच्या राउटरला १९२.१६८.१.२५० देईन. फाटकावरचा कॅमेरा नव्या पासवर्डने पुन्हा जोडायचा राहिला आहे. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून उद्या सकाळी उजेडात शिडी लावून करू. वही केली आहे आणि ती माझ्या कपाटात ठेवली आहे.